पाच पायऱ्या उतरून झालेली व्याहीभेट

फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी दूध तापत ठेवलं होतं. शिकागोत तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ. अभिजित एवढंच म्हणाला, "आई, केटीचे डॅड गेले. दुपारी, झोपेतच." मी गॅलरीत जाऊन आबांना सांगितलं. त्यांनी हातातल्या पेपरची घडी केली, चष्मा डबीत ठेवला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने बाथरूममधून तांब्याने अंगावर पाणी घेतल्याचा आवाज यायला लागला. त्यांची आंघोळ पहाटे पाचलाच झाली होती. मी दाराशी जाऊन म्हटलं, "अहो, व्याह्यांचं सुतक नसतं." आतून उत्तर आलं, "माहीत आहे मला." आणि पुन्हा पाण्याचा आवाज...

माया, नील, हे तुमच्या ग्रँपांबद्दल आहे. माया चार वर्षांची आहे, नील दोनचा. म्हणजे तुम्हाला वॉल्टर ग्रँपा आठवतील ते बहुधा फोटोंतूनच. मला हे इंग्रजीत लिहिता आलं असतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं आणि नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, तिथेही निम्मा पत्रव्यवहार इंग्रजीतच होता. पण आबांबद्दल, तुमच्या इथल्या आजोबांबद्दल, काही सांगायचं तर मला ते मराठीतच सांगता येतं, आणि ग्रँपांची गोष्ट आबांना वगळून सांगता येत नाही. तुम्ही मोठे झालात की अभिजित वाचून दाखवेल. तोवर हे या पुरवणीच्या वाचकांकडे असू दे.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात आम्ही पहिल्यांदा शिकागोला गेलो. अभिजित पुण्याहून इंजिनिअर होऊन तिकडे एम.एस. करायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि केटीशी लग्न करायचं ठरवून मोकळा झाला. आबा केटीवर नाराज नव्हते. मुलगी शांत होती, आमच्याशी बोलताना सावकाश बोलायची, आणि भेंडीची भाजी दोनदा मागून घेतली म्हणून तर आबांनी तिला पासच करून टाकलं होतं. पेच पडला तो तिच्या वडिलांच्या निरोपामुळे. वॉल्टरनी आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी भेटायला बोलावलं होतं, आणि बोलावलं होतं एका पबमध्ये.

"मुलीकडचे पहिल्या भेटीला गुत्त्यात बोलावतात?" आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण मी समजले.

"बाबा, इट्स नॉट दॅट काइंड ऑफ प्लेस," अभिजित म्हणाला. "खूप जुनी जागा आहे, शंभर वर्षांच्या वरची. केटीच्या आजी-आजोबांची एंगेजमेंट तिथे झाली, डॅडच्या लग्नाचं जेवण तिथे झालं. ते एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहतात, घरी बोलवायला त्यांना ऑकवर्ड होतं. मी कॅन्सल केलं तर काय सांगू त्यांना?"

"सांग की दारू पिणाऱ्याशी मी सोयरीक करत नाही. तुला लग्न करायचं तर कर. आम्ही परवाच्या विमानाने परत जातो."

अभिजित माझ्याकडे बघायला लागला. आपल्या वडिलांना एक मोठा भाऊ होता, हेसुद्धा त्याला धड माहीत नव्हतं. आमच्या घरात अण्णांचं नाव घ्यायचं नाही, हा नियम तो रांगत होता तेव्हापासूनचा. भिंतीवर त्यांचा फोटो नाही, अल्बममध्ये जिथे होता तिथे चार रिकामे कोपरे. मला कारण माहीत होतं. सांगायचा अधिकार मात्र माझा नव्हता. मी आबांना म्हटलं, "एक तास बसू. नंतर तुम्ही म्हणाल ते करू, विमान तर विमान." तेहतीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याकडे फारशा सवलती मागितल्या नव्हत्या. ही मिळाली.

व्याहीभेट म्हणजे रिकाम्या हाताने जायचं नाही. शाल मी नाशिकहूनच नेली होती. नारळ डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानात मिळाला, शेंडीसकट. अभिजितने आम्हाला पबच्या कोपऱ्यावर उतरवलं आणि म्हणाला, "तुम्ही आत जा, मी कार पार्क करून येतो." आम्ही दोघं फुटपाथवर उभे. नदी जवळच होती, तिचा गार वारा येत होता. विटांची बुटकी इमारत, आणि तिचं दार रस्त्याच्या खाली. शिकागोत फार पूर्वी चिखलामुळे सगळे रस्तेच भर घालून उंच केले. ही इमारत जिथल्या तिथे राहिली, म्हणून पाच दगडी पायऱ्या उतरून आत जायचं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसली ती बाजूच्या लहान दाराच्या काचेवरची सोनेरी अक्षरं, निम्मी उडालेली. स्त्रियांसाठी प्रवेश, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं.

मी आयुष्यभर ग्रंथालयात पाट्या लावल्या आणि लोकांनी त्या वाचाव्यात म्हणून झगडले. मी आबांना म्हटलं, "तुम्ही त्या दाराने जा, मी या दाराने येते," आणि शाल-नारळाची पिशवी घेऊन दार ढकललं. आत एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना बिअरच्या पिंपांची उतरंड, वर टांगलेला एक मिणमिणता दिवा. पदर सावरत, पिंपांना धक्का न लावता मी आडवी चालत गेले, दुसरं दार उघडलं, आणि थेट स्वयंपाकघरात पोचले. एक सत्तरीची बाई बटाटे परतत होती. तिने माझी साडी पाहिली, नारळ पाहिला, परतायची पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, माझ्या आजीनंतर त्या दाराने कोणी आलेलं नाही."

ही हिल्डा, पबची मालकीण. पाटी तिच्या आजोबांच्या काळातली, दार आता फक्त पिंपांसाठी. मी माफी मागितली. ती म्हणाली, "कशाला? पाटीवर लिहिलंय ना तसं." आणि बाहेर डोकावून हाक मारली, "वॉल्टर, तुझी माणसं आली. निदान अर्धी."

वॉल्टर उठून आले. उंच, किंचित वाकलेले, स्वच्छ दाढी केलेले, आणि अंगात एक जुना पण इस्त्रीचा कोट. त्यांनी विचारलं, "मिस्टर कुठे आहेत?" मी मुख्य दाराकडे बघितलं. आबा बाहेरच होते. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, पाठीमागे हात बांधून, धरणाच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे उभे. माझ्याशिवाय ते एकटे उतरणार नव्हते, आणि खरं तर उतरायचंच नव्हतं. वॉल्टर दार उघडून त्या पाच पायऱ्या चढून वर गेले. आपल्याकडे मुलीकडचे लोक सीमांतपूजनाला वेशीपर्यंत सामोरे जातात. या माणसाला ते कुठून माहीत असणार... पण गेले खरे. आबांना हात दिला आणि म्हणाले, "सांभाळून, तिसरी पायरी खचलेली आहे."

आतली जमीन एका बाजूला कललेली होती, इतकी की टेबलाखाली लाकडाचे तुकडे सारलेले. छतावर नक्षीचा पत्रा, धुराने काळवंडलेला. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पंचवीस मिनिटं पुढे लावलेलं, म्हणजे लोक वेळेत घरी जातील. टीव्ही नाही. मागच्या कोपऱ्यात एक मोठं गोल टेबल होतं, तेच ते एंगेजमेंटचं आणि लग्नाचं. केटी तिथे बसली होती, आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली. अभिजितही येऊन पोचला. मी वॉल्टरना शाल पांघरली, हातात नारळ दिला. त्यांनी नारळ हलवून कानाशी धरला आणि आतलं पाणी ऐकलं. मग हिल्डाने तो बारमागच्या फळीवर बोलिंग स्पर्धेच्या चषकांच्या मधोमध ठेवला. शाल त्यांनी अंगावरून काढली नाही. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा म्हणाला, "वॉल्टर, राज्याभिषेक कधी झाला?" वॉल्टर म्हणाले, "आत्ताच. उठून उभा राहा."

आबा हसले नाहीत.

आता पुढचं नीट सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. वॉल्टरसमोर काळ्या बिअरचा एक ग्लास आला. आबांनी जिंजर एल मागितलं, म्हणजे आल्याचं सोडा घातलेलं सरबत. ते एका उभट, लहान ग्लासात आलं, खाली पुठ्ठ्याची गोल चकती. आता आबांचा आयुष्याचा नियम असा की पानात काही टाकायचं नाही. लग्नाच्या पंगतीतही ते ताट पुसल्यासारखं करून उठतात. त्यांनी ग्लास संपवला. हिल्डाने न विचारता दुसरा आणून ठेवला. त्यांना वाटलं, यजमानांचा आग्रह. नाही म्हणून पहिल्याच भेटीत अपमान नको, आणि टाकायचं तर नाहीच. तोही संपवला. तिसरा आला. टेबलावर बोलणं काही होत नव्हतं. वॉल्टरनी प्रवासाचं विचारलं, आबा म्हणाले, ठीक झाला. हवेचं विचारलं, ठीक आहे म्हणाले. मध्ये मध्ये फक्त आबा शिक्षा भोगल्यासारखे एकेक ग्लास रिकामा करत होते आणि नवा भरून येत होता. चौथा, पाचवा. सहावा आला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि अभिजित मला हळूच म्हणाला, "आई, बाबांना काय झालंय? एवढं आवडलं?"

तेव्हा वॉल्टरनी हात लांब करून आबांच्या ग्लासाखालची चकती काढली आणि अर्ध्या भरलेल्या ग्लासावर झाकणासारखी ठेवली. "माझं चुकलं, मी आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "इथे रिकामा ग्लास म्हणजे आणखी हवंय. पुरे झालं की हे असं वर ठेवायचं. मग हिल्डा देणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी." आणि त्यांनी आपल्याही ग्लासावर चकती ठेवली. तळाशी घोटभर बिअर राहिली होती.

आबांनी त्या ग्लासाकडे पाहिलं. "तुमचं झालं? एकच?"

"शुक्रवारी एक. शेवटचा घोट जाताना."

"आणि ही ठेवली की थांबता येतं?"

"मला येतं," वॉल्टर म्हणाले. "सगळ्यांना येतंच असं नाही."

मला वाटलं, आता आबा उठतील. तास झालाच होता. त्यांनी ती चकती बोटाने थोडी सरळ केली आणि आपल्या सरकारी इंग्रजीत, एकेक वाक्य पुरं करत, बोलायला लागले. "मला एक मोठा भाऊ होता. त्याने मला पोहायला शिकवलं. गणित शिकवलं. मी इंजिनिअर झालो तो त्याच्यामुळे. त्याला ही चकती ठेवता येत नव्हती." मग त्यांनी अभिजितकडे बोट केलं. "याच्या बारशाच्या दिवशी तो आला. भर दुपारी, पिऊन. घरात पाहुणे होते, माझे साहेब होते. हातात याच्यासाठी खुळखुळा होता. मी त्याला आत घेतलं नाही. दार लावलं, कडी घातली. तो बराच वेळ बाहेर उभा होता. मग गेला. दोन महिन्यांनी जळगावला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं."

मी ही हकीकत जाणत होते, कारण त्या कडीच्या आतल्या बाजूला मीही होते, अभिजितला मांडीवर घेऊन. पण आबांच्या तोंडून ती मी पहिल्यांदाच ऐकत होते. अभिजितने मान खाली घातली. केटीने टेबलाखाली त्याचा हात धरला असावा. मनात आलं, वॉल्टर आता सांत्वनाचं काही बोलतील, तुमचा दोष नाही वगैरे, आणि आबांना ते आवडणार नाही.

वॉल्टरनी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

सव्वीस वर्षांत आबांनी ते उच्चारलं नव्हतं. "श्रीधर," ते शेवटी म्हणाले.

मग वॉल्टरनी आपल्या ग्लासावरची चकती उचलली आणि आम्हाला सांगितलं की या टेबलाची एक रीत आहे. शेवटचा घोट घेण्याआधी, जे कोणी आज टेबलावर नाही, त्यातल्या एकाचं नाव घ्यायचं. ते दर शुक्रवारी मार्गारेटचं घ्यायचे, म्हणजे केटीच्या गेलेल्या आईचं, तुमच्या तिकडच्या आजीचं. "आज ती समजून घेईल," ते म्हणाले, ग्लास जरासा उचलला आणि नाव घेतलं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनीही ग्लास उचलून तेच नाव घेतलं, प्रत्येकाने जमेल तसं वाकडंतिकडं. आबा म्हणाले, "नाही. श्री-धर." त्यांनी पुन्हा म्हटलं. हिल्डाने बारमागून म्हटलं, तिचं सगळ्यांत बरं आलं. आबांनी उरलेलं अर्धा ग्लास जिंजर एल घेतलं, चकती परत वर ठेवली, रुमालाने तोंड पुसलं, तेवढ्यात डोळेही पुसले, आणि वॉल्टरना विचारलं, "लग्नाचा दिवस कोणता धरायचा? मला रजेची अडचण नाही, मी रिटायर्ड आहे."

निघताना तिसऱ्या पायरीवर वॉल्टरनी त्यांचा दंड धरला होता. वर आल्यावर आबांनी विचारलं, "तुम्ही काय काम करत होतात?" इतका वेळ कोणी विचारलंच नव्हतं. वॉल्टर नदीवरचे पूल उचलायचे. शिडाच्या बोटी आल्या की घंटा द्यायची, गाड्या थांबवायच्या आणि अख्खा रस्ता दोन बाजूंना उभा करायचा. त्यांनी समोरची नदी दाखवली आणि म्हणाले, ही पूर्वी सरोवराकडे वाहायची, माणसांनी तिला उलटी फिरवली. आबा पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेले. ते जागच्या जागी थांबले. "उलटी? मग उतार किती दिला?" त्या थंडीत दोघं कठड्याला टेकून पाऊण तास बोलत उभे राहिले आणि मी, अभिजित आणि केटी गाडीत हीटर लावून बसलो.

पुढच्या गोष्टी तुम्ही घरात ऐकालच. दोन्ही पद्धतींनी लग्न झालं. माया झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वॉल्टर नाशिकला आले, आबांनी त्यांना गोदावरीवरच्या धरणावर नेलं, आणि दरवाजे उचलायच्या यंत्रापाशी दोघं शाळकरी मुलांसारखे रमले. घरी जेवताना आबांचा आग्रह सुरू झाला. चौथी पुरणपोळी पानात पडल्यावर वॉल्टरनी खिशातून हिल्डाकडची चकती काढली आणि ताटात पोळीवर ठेवली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या दिवाणखान्यात अण्णांचा फोटो त्याच मुक्कामात लागला. खिळा वॉल्टरनी ठोकला. आम्ही परत शिकागोला गेलो तेव्हा नीलच्या बारशाचं जेवण त्याच गोल टेबलावर झालं. नारळ अजून चषकांमध्ये होता, आतलं पाणी आटलेलं. मी या वेळी मुख्य दाराने आत गेले. हिल्डा म्हणाली, "का, माझं दार आवडलं नाही?"

आणि दर शनिवारी सकाळी साडेसातला फोन. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, ग्रँपा पबच्या बाहेर त्या पायऱ्यांवर उभे राहून मोबाइलवर बोलायचे. नदीची पातळी, धरणाचा साठा, तुम्हा दोघांचे दात. वीस मिनिटं. शेवटी ग्रँपा विचारायचे, "आज कोणाचं?" आबा एक नाव सांगायचे. आमच्याकडे तोवर सांगायला पुष्कळ नावं जमली होती.

परवा सर्वपित्री अमावास्या झाली. आमचे गुरुजी दरवर्षी येतात. आबा पाटावर बसतात, समोर ताम्हण, पाण्यात काळे तीळ. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी... इतकी वर्षं ते तिथेच थांबायचे, गुरुजी क्षणभर वाट बघायचे आणि पुढचा मंत्र घ्यायचे. फोटो लागल्यानंतरही हे तसंच राहिलं होतं. मी कधी विचारलं नाही. या वर्षी गुरुजी पुढे सरकणार, तोच आबा म्हणाले, "ज्येष्ठ बंधू. श्रीधर." गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मंत्र म्हटला, आणि आबांनी अंगठ्याकडून पाणी सोडलं, तीनदा. "आणखी एक आहे," ते म्हणाले. "वॉल्टर."

"कोण हे?"

"आमचे व्याही."

गुरुजी थोडे अडखळले. अजून वर्ष झालं नाही, तिकडचे त्यांचे विधी झाले असतील, असं काही म्हणाले. आबा म्हणाले, "झाले असतील. हे माझ्याकडून." गुरुजी वयस्कर आहेत, त्यांनी फार ताणलं नाही. "गोत्र?" त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तेव्हा गुरुजीच म्हणाले, "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. चालतं ते, सगळे त्यातच येतात."

"काश्यप," आबा म्हणाले, आणि हात ओला करून ताम्हणावर धरला. पहिलं पाणी सोडलं, दुसरं सोडलं. तिसऱ्याच्या आधी ते थांबले आणि नाव पुन्हा एकदा घेतलं, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट, गुरुजींनाही बरोबर म्हणता यावं म्हणून.